काँक्रीटचे वय कोण ठरवणार?

गावात एखाद्या घराचा स्लॅब पडला की पहिला प्रश्न येतो, "सिमेंट कमी घातले होते का?" दुसरा येतो, "लोखंड कमी होते का?" तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : सेंट्रिंग काढले तेव्हा काँक्रीट पुरेसे पक्के झाले होते का? आणि त्याहून महत्त्वाचा चौथा : ते पक्के झाले आहे हे कुणी ठरवले, आणि कशावरून?

या चौथ्या प्रश्नाला उत्तर देणारे विज्ञान १९५१ साली उपलब्ध होते. ते बांधकामाच्या नियमांत उतरायला १९८८ साल उजाडावे लागले. मधल्या ३७ वर्षांत काय घडले, आणि सरकार, सरकारी प्रयोगशाळा व अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्था यांनी एकत्र येऊन हे अंतर कसे भरून काढले, याचा इतिहास आपण या लेखात पाहू. घटना अमेरिकेतल्या आहेत. पण काँक्रीटचे रसायन सगळीकडे सारखेच असते.

काँक्रीट वाळत नाही

सुरुवात एका सार्वत्रिक गैरसमजापासून करू. 'स्लॅब वाळला' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटमधील कॅल्शियमच्या संयुगांची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होते आणि तीतून तयार होणारे सूक्ष्म पदार्थ खडी व वाळूला एकत्र बांधून ठेवतात. या अभिक्रियेला जलीकरण म्हणतात. म्हणून तर स्लॅबवर पाणी साठवून ठेवतात. लवकर वाळलेले काँक्रीट कच्चे राहते.

जलीकरण ही रासायनिक अभिक्रिया असल्यामुळे तिचा वेग तपमानावर अवलंबून असतो. उन्हाळ्यात दूध लवकर विरजते, थंडीत उशिरा, तसेच हे. आज ओतलेले काँक्रीट उद्या किती भार पेलेल, हे फक्त किती तास गेले यावर ठरत नाही. ते तास किती तपमानात गेले, यावरही ठरते. कॅलेंडरवरचे वय आणि काँक्रीटचे खरे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे खरे वय मोजण्याची सोपी रीत ब्रिटनमध्ये निघाली. तिथे काँक्रीटच्या तयार वस्तू वाफेने लवकर पक्क्या करण्यावर संशोधन चालू होते. १९४९ साली नर्स आणि १९५१ साली सॉल या संशोधकांनी तपमान आणि वेळ यांचा गुणाकार करण्याची कल्पना मांडली. सॉल यांनी या गुणाकाराला 'पक्वता' हे नाव दिले. त्यांचा नियम असा की, एकाच मिश्रणाच्या दोन काँक्रीटांची पक्वता सारखी असेल, तर त्यांची ताकदही जवळपास सारखी असते. मग ती पक्वता थोड्या वेळात जास्त तपमानाला मिळालेली असो, की जास्त वेळात कमी तपमानाला.

हिशेब शाळेतल्या मुलांनाही जमेल असा आहे. उणे १० अंश सेल्सियसच्या खाली काँक्रीटची ताकद वाढतच नाही, असे परंपरेने धरले जाते. म्हणून दर तासाच्या तपमानात १० मिळवायचे आणि सगळ्या तासांची बेरीज करायची. २४ अंशांना एक दिवस गेला, तर पक्वता ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ झाली. ७ अंशांना एक दिवस गेला, तर १७ गुणिले २४, म्हणजे ४०८. अगदी निम्मी. हा हिशेब लक्षात ठेवू या. पुढे तो लागणार आहे.

सरकारने कायदा केला, पण…

अमेरिकेत कामाच्या जागी सुरक्षितता राखण्यासाठी देशव्यापी कायदा १९७० च्या डिसेंबरात झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेली यंत्रणा २८ एप्रिल १९७१ रोजी सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'ओशा' म्हणतात. तिच्याकडे निरीक्षक होते, दंड करण्याचा अधिकार होता. पण काँक्रीट, पोलाद, माती यांच्या वर्तनाचा कस लावणारी प्रयोगशाळा तिच्याकडे नव्हती.

अशी प्रयोगशाळा सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे होती. १९०१ साली स्थापन झालेली नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ही ती संस्था. आपण तिला 'मानक प्रयोगशाळा' म्हणू. तिच्याकडे संशोधक होते, यंत्रे होती. पण कुणाला जाब विचारण्याचा अधिकार तिला नव्हता.

तिसरा घटक व्यावसायिक संस्थांचा. पदार्थांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवणारी एएसटीएम ही संस्था १८९८ पासून काम करत होती, आणि काँक्रीटच्या अभियंत्यांची अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट १९०४ पासून. या संस्था मानके लिहीत. ती पाळणे मात्र ऐच्छिक होते. करारात किंवा कायद्यात त्यांचा उल्लेख झाला तरच ती बंधनकारक होत. तिघांकडे प्रश्नाचा एकेक तुकडा होता, आणि तुकडे जोडण्याची निकड अजून कुणाला वाटली नव्हती.

१९७३ : तेविसावा मजला

२ मार्च १९७३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगण्यात एका उंच निवासी इमारतीचे काम चालू होते. चोविसाव्या मजल्यावर काँक्रीट ओतले जात असताना खालचा तेविसावा स्लॅब कोसळला. त्याच्या आघाताने बाविसावा, मग एकविसावा, असे करत इमारतीचा एक भाग थेट तळापर्यंत खाली आला. १४ कामगार मरण पावले, ३४ जखमी झाले.

ओशाने मानक प्रयोगशाळेला कारण शोधण्याची विनंती केली. निष्कर्ष असा निघाला की, तेविसाव्या स्लॅबखालचे टेकू वेळेआधी काढले गेले होते. त्यामुळे खांबांभोवतालच्या स्लॅबवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार आला आणि खांब स्लॅबमधून आरपार गेला. ताणून धरलेल्या कागदावर पेन्सिलचे टोक दाबले की भोक पडून कागद खाली सरकतो, तसाच हा प्रकार. त्याला 'भेदक कर्तन' म्हणता येईल.

कोसळला तेव्हा तो स्लॅब ४ दिवसांचा होता, आणि त्या ४ दिवसांत हवेचे सरासरी तपमान केवळ ७ अंशांच्या आसपास होते. आता आपला हिशेब करू. १७ गुणिले ९६ तास, म्हणजे १६३२. २४ अंशांच्या हवेत एवढी पक्वता बरोबर २ दिवसांत येते. म्हणजे कॅलेंडरवर ४ दिवस उलटले होते, पण काँक्रीटच्या लेखी फार तर २. मानक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ताकदीचा अंदाज बांधताना हीच पक्वतेची पद्धत वापरली. दोन दशके नियतकालिकांत पडून असलेली कल्पना अशा रीतीने अपघाताच्या चौकशीत उपयोगी पडली. पण चौकशी नेहमीच नंतर होते. बांधकामावरच्या मुकादमाच्या हातात ती कल्पना अजून पोचायची होती.

१९७८ : अठ्ठाविसावे कडे

औष्णिक वीजकेंद्राच्या आवारात डमरूच्या आकाराचे जे प्रचंड मनोरे दिसतात, ते शीतक मनोरे. त्यांत गरम पाणी फवारून हवेने थंड केले जाते. मनोऱ्याची भिंत त्याच्या उंचीच्या मानाने फारच पातळ असते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो नदीकाठी विलो आयलंड येथे १९७८ साली असा एक मनोरा बांधला जात होता. तो सुमारे १३० मीटर उंच व्हायचा होता. एप्रिलअखेर सुमारे ५० मीटर झाला होता.

बांधण्याची पद्धत अशी होती : दीड मीटर उंचीचे काँक्रीटचे एक वर्तुळाकार कडे ओतायचे, दुसऱ्या दिवशी साचे आणि परांची वर सरकवून पुढचे कडे ओतायचे. परांचीला जमिनीचा आधार नव्हता. ती बोल्टांनी मनोऱ्याच्या भिंतीलाच जोडलेली होती. कामगार, साचे, काँक्रीट वर खेचणारी यंत्रणा या सगळ्यांचा भार आदल्या एकदोन दिवसांत ओतलेल्या काँक्रीटवर येत होता. मनोरा स्वतःच्याच कोवळ्या खांद्यावर उभा राहून वाढत होता, असे म्हटले तरी चालेल.

२७ एप्रिल १९७८ च्या सकाळी एकोणतिसावे कडे ओतायला सुरुवात झाली होती. काँक्रीटची बादली वर खेचली जात असताना आदल्या दिवशीचे अठ्ठाविसावे कडे एका ठिकाणी आत कोसळले. तेथून दोन्ही बाजूंनी, संत्र्याची साल सुटावी तशी, भिंत आणि परांची मनोऱ्याभोवती उलगडत खाली आली. परांचीवरचे सर्वच्या सर्व ५१ कामगार मरण पावले. त्यांत एकाच घराण्यातले अनेक जण होते. ओशा सुरू होऊन सात वर्षे पुरी व्हायला एक दिवस बाकी होता.

पुन्हा ओशाने मानक प्रयोगशाळेला पाचारण केले. संशोधकांनी उचलयंत्रणा, परांचीचे भाग, साचे आणि काँक्रीट यांची एकेक करून तपासणी केली. पहिला घाव यंत्रणेचा नव्हता. अठ्ठाविसाव्या कड्यातील काँक्रीटला बांधकामाचा भार पेलण्याइतकी ताकद येण्याआधीच त्याच्यावर भार टाकला गेला, हे सर्वांत संभाव्य कारण ठरले. कडे सुमारे एका दिवसाचे होते आणि त्या काळात हवेचे तपमान १० अंशांच्या खाली राहिले होते. काँक्रीटचे तपमान हवेइतकेच धरले, तर त्याची पक्वता जास्तीत जास्त २० गुणिले २४, म्हणजे ४८० होती. २४ अंशांच्या हवेत ती सुमारे १४ तासांत आली असती.

१९७३ चे आणि १९७८ चे कारण एकच होते. पाच वर्षांपूर्वीचा अहवाल तेच सांगत होता. आम्हांला या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही वाटते. ज्ञान नव्हते म्हणून ५१ माणसे गेली असे म्हणता येत नाही. ते ज्ञान कामाचे वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या टेबलावर नव्हते. "रोज एक कडे" हा नियम पाळला जात होता. थंडी पडली तर तो बदलायचा, असे सांगणारी मोजणीची कोणतीही सर्वमान्य पद्धत अस्तित्वात नव्हती.

सूत्रापासून मानकापर्यंत

या दोन अपघातांनंतर मानक प्रयोगशाळेतील संशोधकांची खात्री पटली की, बांधकाम चालू असताना जागेवरच्या काँक्रीटची ताकद ओळखण्याच्या पद्धतींना प्रमाणित रूप देणे तातडीचे आहे. सूत्र माहीत असणे आणि त्यावर माणसांचा जीव सोपवणे यांत फार अंतर असते. उदाहरणार्थ, उणे १० अंश ही मर्यादा प्रत्येक सिमेंटला लागू पडते का? ती शून्य अंश धरली, तर १९७३ च्या स्लॅबचे ४ दिवस २४ अंशांच्या हवेतले दीड दिवसाहूनही कमी ठरतात. म्हणजे एका आकड्याच्या निवडीने उत्तर बरेच बदलते. अतिशय जास्त तपमानाला सुरुवातीची ताकद झपाट्याने येते, पण अंतिम ताकद घटते. हेही साध्या सूत्रात बसत नाही. १९७७ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी रासायनिक अभिक्रियांच्या वेगाचा अऱ्हेनियसचा नियम वापरून अधिक काटेकोर सूत्र मांडले होते. अशा पर्यायांची प्रयोगशाळेत कसोटी लावावी लागली.

यापुढचे काम प्रयोगशाळा एकटी करू शकत नव्हती. मानक लिहिण्याचे काम एएसटीएमच्या काँक्रीटविषयक समितीत झाले. या समित्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. माल बनवणारे, तो वापरणारे आणि संशोधक, शासकीय अधिकारी, प्राध्यापक असे इतर, या सर्वांना त्यांत जागा असते. उत्पादकांची मते बाकीच्यांपेक्षा जास्त होणार नाहीत अशी काळजी घेतली जाते. एखाद्या सभासदाने कारणे देऊन विरोधी मत नोंदवले, तर त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काम सावकाश चालते, पण जे तयार होते ते बांधकामावर वापरण्याजोगे असते.

१९८७ साली पक्वता पद्धतीचे मानक प्रसिद्ध झाले. या विषयावरचे ते जगातले पहिले. त्यात दोन गोष्टींवर भर होता. एक, आपण वापरणार त्याच मिश्रणाचे नमुने प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वयाला तोडून पाहून पक्वता आणि ताकद यांचा संबंध आधी काढला पाहिजे. दुसऱ्याचा आलेख उसना चालणार नाही. दोन, टेकू काढण्यासारख्या जोखमीच्या कामापूर्वी केवळ तपमानाच्या नोंदीवर विसंबता येणार नाही, जोडीला दुसरी चाचणीही हवी. मिश्रणात पाणीच जास्त पडले असेल, तर थर्मामीटरला ते कसे कळणार?

आता कायद्याची पाळी होती. १६ जून १९८८ रोजी ओशाने काँक्रीटच्या कामाचे सुधारित नियम जाहीर केले. बांधकामाविषयीचे नियम करताना ओशाला एका सल्लागार समितीचे मत घ्यावे लागते. तिच्यात कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी समसमान असतात. सुधारित नियमांचा गाभा असा : संरचनेच्या आराखड्याचे ज्ञान असलेल्या व्यक्तीच्या माहितीच्या आधारे, हे काँक्रीट भार पेलेल असे मालकाने ठरवल्याशिवाय त्यावर बांधकामाचा भार टाकायचा नाही. साचे आणि टेकूही काँक्रीटला पुरेशी ताकद आली आहे असे ठरल्याशिवाय काढायचे नाहीत. ते ठरवायचे एक तर आराखड्यात नमूद केलेल्या अटींवरून, नाही तर एएसटीएमच्या योग्य मानकानुसार केलेल्या चाचणीवरून. अशा रीतीने ऐच्छिक मानकाचे बोट कायद्याने धरले. "कोण ठरवणार?" याचे उत्तर आले : मालक. "कशावरून?" याचेही आले : मोजून.

सहकार्याच्या मर्यादा

येथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. २७ मार्च १९८१ रोजी फ्लॉरिडातील कोको बीच येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ११ कामगार मरण पावले. तेथे कारण वेगळे होते : खांबांभोवतालचे भेदक कर्तन आराखड्यात तपासलेच गेले नव्हते. २३ एप्रिल १९८७ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे जमिनीवर ओतलेले स्लॅब जॅकने वर उचलण्याच्या पद्धतीने चाललेली इमारत कोसळली आणि २८ कामगार गेले. दोन्ही वेळा ओशाने मानक प्रयोगशाळेला बोलावले. उचलत्या स्लॅबसाठीचे खास नियम १९९० मध्ये आले.

नियमांची ही यादी म्हणजे अपघातांची यादीच आहे, असे कुणी म्हणाले तर ते चूक ठरणार नाही. सर्वांना बरोबर घेऊन चालण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. १९७८ ते १९८८ ही दहा वर्षे त्याची साक्ष देतात. शिवाय मानक लिहिणाऱ्या समितीत बसायला वेळ आणि पैसा लागतो. तो कंपन्यांकडे असतो. परांचीवर उभ्या असणाऱ्यांकडे नसतो. म्हणून सहकार्याच्या जोडीला निरीक्षण आणि दंडही असावे लागतात. एक असले की दुसऱ्याची गरज नाही, असे मानणे धोक्याचे आहे.

मात्र या रचनेतली एक गोष्ट पुढे टिकली. कारण शोधणारा आणि दंड करणारा वेगळे असावेत, म्हणजे अभियंते मोकळेपणाने माहिती देतात, हा अनुभव उपयोगी ठरला. मानक प्रयोगशाळेचे नाव १९८८ साली बदलून 'निस्ट' झाले. २००२ साली अमेरिकेने इमारतींच्या मोठ्या दुर्घटनांची चौकशी तिच्याकडे कायद्याने सोपवली. या चौकशीचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे.

आपल्याकडचे दोन नियम

भारतीय मानक ब्यूरोच्या काँक्रीटविषयक संहितेत, आयएस ४५६ मध्ये, २००० च्या आवृत्तीत साचे काढण्याबद्दल दोन नियम शेजारी शेजारी दिले आहेत. पहिला ताकदीचा : साचे काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार असेल त्याच्या निदान दुप्पट ताकद त्याला आलेली असली पाहिजे. दुसरा दिवसांचा : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळयांना १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस.

बांधकामावर बहुधा हे दिवसच लक्षात राहतात. पण त्या तक्त्यामागे अटी आहेत : सिमेंट साधे पोर्टलंड हवे, पाणी नीट मारलेले हवे, आणि हवेचे तपमान १५ अंशांच्या खाली जाता कामा नये. निफाडला किंवा विदर्भात पौषातल्या रात्री पारा १५ च्या बराच खाली जातो. तिथे तक्त्यातले दिवस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. राखमिश्रित सिमेंटची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते; तेही तक्त्यात बसत नाही. बांधकाम मजुरांसाठी आपल्याकडे १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत काँक्रीटच्या कामावर वेगळे प्रकरण आले. पुढे हा कायदा २०२० च्या सुरक्षा संहितेत सामावला गेला. कायदा आणि मानक दोन्ही कागदावर आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे जागेवर मोजणी करणारा माणूस.

वर्गात काय करता येईल?

प्लॅस्टिकच्या दोन सारख्या पेल्यांत सिमेंट आणि पाणी एकाच प्रमाणात कालवून भरा. एक पेला शीतकपाटात ठेवा, एक वर्गात. ओले सिमेंट अल्कधर्मी असते, कातडीला इजा करते. म्हणून कालवण्याचे काम शिक्षकांनी रबरी हातमोजे घालून करावे. दर तासाला एकाच वजनाचा खिळा एकाच उंचीवरून सोडून तो किती मिलिमीटर रुततो ते मोजा, आणि दोन्ही ठिकाणचे तपमानही नोंदवा. आधी खोली आणि तास यांचा आलेख काढा; दोन वेगळ्या रेषा मिळतील. मग आडव्या अक्षावर तासांऐवजी पक्वता घेऊन पुन्हा काढा. रेषा किती जवळ येतात ते पाहा. त्या पुरत्या जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, यावर चर्चा करा.

शाळेशेजारी कुठे स्लॅब पडत असेल, तर मुलांना आणखी एक काम देता येईल. स्लॅब ओतल्यापासून सेंट्रिंग निघेपर्यंत रोजचे कमाल आणि किमान तपमान लिहून ठेवायचे, पक्वतेची बेरीज करायची, आणि टेकू कोणत्या दिवशी निघाले ते नोंदवायचे. जवळ मात्र जायचे नाही, रस्त्यापलीकडून पाहायचे. जमले तर ती वही तिथल्या मिस्त्रींना दाखवा आणि विचारा : टेकू काढायचा दिवस तुम्ही कशावरून ठरवता?